यादीतलं पहिलंच घर

शिरपूरच्या बसस्टँडसमोर माझी एक खोली आहे. बाहेर पाटी आहे, 'येथे संगणकाची सर्व कामे केली जातील.' त्या पाटीखाली उभं राहून लोकांनी मला सर्वांत जास्त वेळा विचारलेला प्रश्न म्हणजे, "भाऊ, मंदिर कोन्या बाजूनं हाये?" यात्रेकरू बसमधून उतरतात, पाटी वाचतात आणि याला काहीतरी माहीत असेल अशा भाबड्या समजुतीने आत येतात. मंदिराचा रस्ता मला माहीत आहे. एवढं ज्ञान मी कोणालाही फुकट देतो.

त्याआधी मी पुण्याला एका कंपनीत डेटाबेसचं काम करत होतो. नोकरी सोडून गावी आलो, असं मी सगळ्यांना सांगितलं. कोणी कोणाला सोडलं हा तपशील वगळला. आल्याबरोबर गावाचा उद्धार करायचं मनात घेतलं. गावाची तशी काही मागणी नव्हती, पण उद्धार करणारा कधी मागणीची वाट बघत नाही.

माझ्या तावडीत सापडला तो बायकांचा भाजीपाल्याचा गट. गावाच्या कडेला विहिरीच्या पाण्यावर वांगी, मेथी, दोडकी काढून बाजारात विकणाऱ्या या बायका. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्या वाण म्हणून प्लॅस्टिकच्या वाट्या वाटत नाहीत, घरचं बी वाटतात. प्रत्येकीने आपल्या बियाण्याची पुरचुंडी आणायची आणि टोपलीत टाकायची. मग गटाच्या सचिव असलेल्या ताई त्यातलं बी घरोघरी जाईल असं वाटून द्यायच्या. देणारीने आपलं बी कोणाकडे गेलं ते बघायचं नाही आणि लक्षातही ठेवायचं नाही. देऊन लक्षात ठेवलं की बी उगवत नाही, अशी त्यांची समजूत. पण कोणाला तरी माहीत असायला हवं, म्हणून ताई ते एका दोनशेपानी वहीत लिहून ठेवायच्या. गटात वाचता येण्यासारखं अक्षर फक्त त्यांचं होतं.

ती वही बघितली आणि मला कीव आली. म्हटलं, ताई, हे सगळं मोबाइलवर आणून देतो.

आता इथे मला माझ्या पापाची थोडी उकल करायला हवी. डेटाबेसमधलं टेबल म्हणजे आपला मसाल्याचा डबा. हळदीची वाटी वेगळी, तिखटाची वेगळी, जिऱ्याची वेगळी. डोळे मिटून हात घातला तरी हवं ते मिळतं. चांगला कारागीर आधी विचार करतो की काय काय ठेवायचं आहे, आणि तेवढ्या वाट्या करतो. मी दोन दिवस विचार केला. पण बायकांच्या सांगण्याला काही ताळतंत्र नव्हतं. एक सांगायची की बी कुठल्या नक्षत्रात लावायचं, दुसरी सांगायची की सासूबाई त्याची भाजी कशी करायच्या, तिसरी कुंपणाची लांबी सांगायची. इतक्या वाट्या कोण करणार? मग मी तीन वाट्या केल्या, अनुक्रमांक, देणारीचं नाव आणि तारीख. चौथ्या वाटीला 'माहिती' असं नाव दिलं आणि उरलेल्या सगळ्याचं एक गाठोडं बांधून तिच्यात कोंबलं. या गाठोड्याला आमच्या धंद्यात जेसन म्हणतात. प्रत्येक गोष्टीला एक चिठ्ठी लावायची आणि सगळं एकत्र बांधायचं. गाठोडं बांधायला अक्कल लागत नाही. सोडायला लागते, पण सोडायची वेळ आपल्यावर येणार नाही अशी माझी खात्री होती. पुण्यात मी हेच करायचो आणि सोडायची वेळ दुसऱ्यावर यायची. कंपनीने मला का सोडलं याचा अंदाज आता वाचकाला आला असेल.

मोबाइलवरचा फॉर्म ताईंना दाखवला. 'कोणाला दिलं' यापुढे मी एका घराची जागा ठेवली होती. ताईंनी चष्मा वर केला.

"एकाच घराची जागा काहून ठेवली बाबू?"

"मंग किती पाहिजे?"

"बी कोनी एकाच घरी देते का? एका घरचं रोही खाते, एका घरचं सडते, एका घरची बाई माहेरी जाते. तीन घरी, पाच घरी द्या लागते. तवा एखाद्या घरी ऱ्हायते. एवढं तं शेंबड्या पोट्ट्याले समजते."

इथेच जन्मलो, इथेच वाढलो, रोही म्हणजे नीलगायींचे कळप शेतं फस्त करताना बघितले, आणि मला हे माहीत नव्हतं. मी तोंड वाकडं करून फॉर्ममध्ये 'आणखी एक घर' असं बटण घातलं. गाठोड्यात 'दिलं' या चिठ्ठीखाली आता एका घराऐवजी घरांची यादी बसू लागली. अर्ध्या तासाचं काम होतं. केलं आणि विसरून गेलो.

ताई मोबाइलवर भरू लागल्या, पण वहीही लिहीत राहिल्या. ते मला खपेना. एकच गोष्ट दोन ठिकाणी ठेवायची नसते, हा आमच्या शास्त्रातला मोठा नियम आहे, असं मी त्यांना ऐकवलं. आता डोक्यात ठेवायचंही काम नाही, वहीत लिहायचंही काम नाही, सगळं मशीनमध्ये आहे. वही त्यांच्याकडून मागून घेतली आणि रद्दीत घातली. ती बसस्टँडवरच्या भजेवाल्याकडे गेली. एक दिवस मी स्वतः ताईंच्या सुंदर अक्षरावर ठेवलेली भजी खाल्ली. तेव्हाही मला काही वाटलं नाही. भजी चांगली होती.

नंतर दोनतीन वर्षं सुखात गेली, म्हणजे त्या डेटाला कोणीच हात लावला नाही. आणि मग आखाडातल्या एका सकाळी आमच्या गल्लीतल्या काकू खोलीत आल्या.

या काकू म्हणजे आमच्या घरापासून चौथं घर. मला लहानपणी त्यांच्या विहिरीवर पोहायला येऊ देत आणि बुडायला लागलो की शिव्या देत वर काढत. अर्धा एकर बागायत, नवरा शांत, मुलाचं लग्न नुकतंच वैशाखात झालेलं. त्यांनी आत येऊन पदराने तोंड पुसलं.

"बाबू, दार लोटून घे."

मी दार लोटलं.

"माह्या वालाचं बी गेलं."

हळूहळू गोष्ट कळली. लग्नाआधी घराला रंग देणं राहून गेलं होतं, ते लग्नानंतर काढलं. सामान अंगणात आलं. एका जुन्या डब्यात राखेत घोळून ठेवलेलं वालाचं बी होतं. नव्या सुनेला वाटलं, चुलीची राख आहे, आणि तिने डबा उकिरड्यावर रिकामा केला. कामसू पोरगी, सासूने सांगायच्या आधीच आवरायला धावलेली. कळलं तेव्हा उकिरडा शेतात पांगला होता.

"जांभया काठाच्या शेंगाईचा वाल होता, बाबू. माह्या मायनं लग्नात पदराले बांधून देल्ला होता, आसेगावहून. आता तिकडे भावाईनं कुंपनं काढून सोयाबीन पेरलं, तिथंबी नाही. माय गेली तवा मले कोनी काही देल्लं नाही अन् म्या मांगतलंबी नाही. म्हनलं, माह्याजवळ वाल हाये."

"मंग गटात इचारा ना काकू. कोनाले तरी देल्ला असन तुमी."

"देल्ला होता एका संक्रांतीले. कोनाकडे गेला ते म्या काहून पाहीन? अन् इचारू कशी? इचारलं की पयले हेच निघते, टाकला कोनं? सुनेचं नाव होते गावात. पोरगी पंधरा दिवसांपासून धड जेवली नाही. म्या एक शब्द नाही बोलली तिले, तरी डोये वर करून पाहत नाही. मुकी झाल्यावानी झाली. वाल भेटला तं तिच्याच हातानं लावते, मंग होईल मोकयी. पोया आला की लावाची येळ गेली."

मी म्हटलं, एवढंच ना, पाच मिनिटांचं काम आहे. हे वाक्य मी आयुष्यात अनेकदा म्हटलं आहे आणि एकदाही खरं ठरलेलं नाही.

जाता जाता त्या वळल्या. "अन् हे पाय, तुह्या मायले सांगू नको."

ते मला सांगायची गरज नव्हती. माझ्या आईच्या कानात सकाळी पडलेली गोष्ट दुपारपर्यंत बाजारात पोचते, असा तिचा लौकिक आहे. निदान माझा तरी तसा समज होता.

आधी सोपा मार्ग म्हणून ताईंना फोन लावला. त्या अकोल्याला लेकीकडे नातवाला सांभाळायला गेल्या होत्या. मी काकूंचं कारण न सांगता सहज विचारल्यासारखं विचारलं, की एका संक्रांतीला काकूंचा वाल कोणाला गेला होता?

"मले काय ठाव बाबू? तूच तं म्हनला होता, ताई आता डोक्यात ठेवाचं काम नाही. म्या ठेवलंच नाही."

फोनवर मागून नातू रडत होता. मला त्याचा हेवा वाटला.

मग जुना लॅपटॉप काढला आणि गाठोड्याकडे वळलो. डेटाबेसला सांगता येतं, की अमुक बाईची ओळ काढ, तिच्या 'माहिती'च्या वाटीतलं गाठोडं घे, त्यातली 'दिलं' ही चिठ्ठी शोध आणि तिच्याखाली काय आहे ते मला वेगळं काढून दे. सांगता येतं, फक्त गाठोडं नीट बांधलेलं असावं लागतं. माझं कसं बांधलेलं होतं ते बघून मला मुलाखतीत माझं कौतुक करणाऱ्या साहेबांची दया आली. पहिल्या वर्षी मी चिठ्ठीला एक नाव दिलं होतं, दुसऱ्या वर्षी मनात आलं म्हणून दुसरं. मधल्या काही महिन्यांत तर गाठोडं पुन्हा एका गाठोड्यात बांधून ठेवलं होतं. ते उघडलं की आत पुन्हा गाठ. कोणी केलं हे? रागाने विचारायचो, आणि खोलीत दुसरं कोणी नसायचं.

दोन दिवस गेले. काकू रोज सकाळी बाजारात जाताना दारातून बघायच्या. मी गंभीर चेहऱ्याने म्हणायचो, "प्रोसेसिंग चालू आहे." त्या मान डोलवायच्या. डॉक्टरने ऑपरेशन चालू आहे म्हटल्यावर नातेवाईक डोलवतात तशी. घरी जेवायला बसलो की मी एवढा दमलेला असायचो की ताटात काय आहे ते बघूनच आईवर वैतागायचो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने उसळ वाढली. मी म्हटलं, "पुन्हा वालच? दुसरं काही नव्हतं का घरात?" आई म्हणाली, "साहेब, उद्या पुन्याहून मांगवते." मी खाल्ली. दोनदा मागून खाल्ली, पण कपाळाला आठ्या ठेवून.

तिसऱ्या दिवशी गाठ सुटली. मी जी आज्ञा लिहिली होती ती अशी, की काकूंच्या गाठोड्यातल्या 'दिलं' या यादीतलं शून्याव्या जागेचं घर काढ. संगणक शून्यापासून मोजतो, म्हणून शून्यावं म्हणजे पहिलं. ही गोष्ट मी पूर्वी गावातल्या कार्ट्यांना शिकवून रुबाब मारलेला आहे. पडद्यावर एक ओळ आली. रिठदची एक बाई, गटातल्या कोणाची तरी बहीण, त्या संक्रांतीला पाहुणी आलेली.

मी अक्षरशः ओरडलो. एका यात्रेकरूला न विचारता मंदिराचा रस्ता सांगितला. मग काकूंच्या शेतात धावत गेलो आणि म्हटलं, सापडलं. त्या वांगी तोडत होत्या. टोपली तिथेच ठेवली. बांधावर सून गवत कापत होती, तिने विळा थांबवला पण वर बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी काकूंना मोटारसायकलवर मागे बसवून रिठदला निघालो. त्यांच्या मांडीवर पिशवी, पिशवीत नारळ आणि खण. मागायला जायचं तर रिकाम्या हाताने कसं? वाटेत मी त्यांना डेटाबेसबद्दल बरंच सांगितलं. पूर्वी हे सगळं वहीत असायचं, वही हरवते, भिजते, पण मशीन विसरत नाही वगैरे. काकू मागून "हो बाप्पा" म्हणत होत्या. दोन्ही बाजूला सोयाबीन गुडघ्याएवढं उभं होतं आणि मला आपण फार मोठं काम केल्यासारखं वाटत होतं. असं वाटायला लागलं की माणसाने गाडी थांबवून थोडं पाणी प्यावं. मी प्यायलो नाही.

रिठदची बाई ओसरीवर मिरच्या निवडत होती. आम्हाला बघून उठली, पाणी दिलं, चहा टाकला. काकूंनी नारळ-खण तिच्यापुढे ठेवला आणि गोष्ट सांगितली, सुनेचा भाग वगळून. बाईचा चेहरा पडला.

"कायचा वाल, माय! पयल्याच साली मांडवावर चढला, इतक्या शेंगा लागल्या, अन् रोह्याईनं एका सकाळी सगळा साफ केला. मुळासकट. एक दाना नाही उरला."

काकू पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत बसल्या. ती बाई माझ्याकडे वळली.

"पन काहून भाऊ, बाकीच्या घरी पाह्यलं नाही का?"

"बाकीची कोणती घरं?"

"बी कोनी एकाच घरी देते का?"

तेच वाक्य, तोच सूर. ताईंनी चष्मा वर करून म्हटलं होतं तसंच. आणि मला माझी आज्ञा डोळ्यांसमोर दिसली. शून्यावं घर काढ. यादी होती. माझ्याच हाताने, अर्धा तास तोंड वाकडं करून, मी ती यादी बनवली होती. आणि तीन दिवस घाम गाळून मी त्या यादीतलं फक्त पहिलं घर विचारलं होतं, कारण एका बियाण्याला एकच घर असतं असं माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. मशीन विसरलं नव्हतं. मी विचारलं तेवढंच त्याने सांगितलं.

मला फार लाज वाटली. पुण्याला कंपनीने बोलावून घेऊन बंद खोलीत बसवलं होतं तेव्हाही एवढी वाटली नव्हती. तेव्हा निदान मनात साहेबाला शिव्या देता आल्या होत्या.

त्या बाईने काकूंना रिकाम्या हाताने जाऊ दिलं नाही. घरच्या चवळीचं बी कागदात बांधून दिलं. परत येताना शिरपूर जवळ आल्यावर काकू मागून म्हणाल्या, "तुह्या मशीनीत एकच घर होतं का रे?"

खरं बोलायची ती वेळ होती. मी म्हटलं, "नेटवर्कचा प्रॉब्लेम होता काकू. पुन्हा पाहतो."

डेटा माझ्या लॅपटॉपमध्ये, लॅपटॉप माझ्या खोलीत. नेटवर्कचा संबंध काय? पण आमच्या धंद्यात नेटवर्क हा दैवासारखा आहे, त्याच्यावर काहीही ढकललं तरी कोणी उलटून विचारत नाही. काकूंनीही विचारलं नाही. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

त्यांना गल्लीच्या तोंडाशी सोडलं आणि तडक खोलीवर आलो. शून्य काढून टाकलं. सगळी यादी उलगडून प्रत्येक घर वेगळ्या ओळीत दाखव, असं लिहिलं. एवढंच. याला मात्र खरंच पाच मिनिटं लागली नाहीत.

तीन ओळी आल्या. पहिली, रिठद. दुसरी, गटातली एक बाई, जी पुढच्याच वर्षी मळा मोडून लेकाकडे नागपूरला गेली होती. तिसऱ्या ओळीत ताईंनी लिहिलं होतं, 'कम्प्युटरवाल्याची माय. मागच्या कुंपनाले.'

मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. गावात कम्प्युटरवाला दुसरा कोणी असेल का, याचाही प्रामाणिक विचार केला. कुंपण डोळ्यांसमोर येत नव्हतं. मागच्या अंगणात मी रोज जात होतो, कारण तिथे मोबाइलला रेंज चांगली मिळते. फोन कानाला लावून त्या कुंपणासमोर मी तीन वर्षं येरझारा घातल्या होत्या. त्यावर काय चढलं आहे हे मला सांगता आलं नसतं.

यादीच्या खाली आणखी एक चिठ्ठी होती, 'आणखी काही सांगायचं आहे का?' हा रकाना मी फॉर्म भरलेला दिसावा म्हणून घातला होता. त्यात ताईंनी काकूंचे शब्द जसेच्या तसे घातले होते. 'माह्या मायचा वाल हाये. सांभायून लावजा.' माझ्या गाठोड्यात हे तीन वर्षं पडून होतं. मी लॅपटॉप मिटला आणि थोडा वेळ बाहेर बसची वाट बघणाऱ्या लोकांकडे बघत बसलो. डोळे भरून आले होते, ते एका यात्रेकरूने बघितलं आणि तो मंदिर न विचारताच निघून गेला.

घरी गेलो. आई पोळ्या लाटत होती.

"माय, तो वाल कुठून आनला होता?"

"कोनता?"

"परवा उसय केली तो."

"संक्रांतीच्या वानात आला होता. काहून? तुले तं आवडत नाही म्हने."

"सगळा शिजवला का?"

"हो. डब्यातला सगळा सरला. तूच तं दोनदा मांगून खाल्ला."

तीन दिवस जे शोधत होतो ते मी खाल्लं होतं, वर आठ्या घालून. मग काकूंनी केलेली मनाई बाजूला ठेवली आणि सगळं सांगून टाकलं. राख, उकिरडा, सून, आसेगाव, रिठद, शून्य. आईने लाटणं थांबवून ऐकलं. शून्याचा भाग तिला कळला नाही, पण मी काय केलं ते बरोबर कळलं. ती उठली, देवाच्या फळीखालून एक लहान मडकं काढलं, त्याच्या तोंडावरचं फडकं सोडलं आणि हात आत घालून राखेतून मूठभर बी वर काढलं. काळपट लाल, टपोरं.

"तू तं म्हनाली सगळा सरला!"

"खायाचा सरला. हे बी हाये. खायाचं अन् पेराचं एकाच डब्यात ठेवते का कोनी?"

माझी चौथी वाटी तिने कधी बघितली नव्हती, तरी एका वाक्यात तिचं पोस्टमॉर्टेम झालं.

"तुले त्या पोरीनं डबा फेकला हे मालूम होतं का?" मी विचारलं.

"रंग देल्ला त्याच दिवशी. उकिरड्यावर राख पाह्यली म्या, पोरीनं बियान्याचा डबा सांडला हे समजलं. त्यात वाल होता हे कोनं सांगतलं मले?"

"मंग कोनाले बोलली नाही?"

आईने माझ्याकडे असं बघितलं की मी पोळीकडे बघायला लागलो. "नव्या सुनेचं कोन बोलते बाहेर? तुले काय वाटलं, मी सारंच सांगत सुटते?"

हो, मला तसंच वाटत होतं. आईबद्दलचा हा डेटाही माझ्याकडे अर्धवट होता.

दुसऱ्या दिवशी आई काकूंकडे गेली, मला घेऊन. काकूंना तिने काही विचारलं नाही आणि काही सांगितलंही नाही. सुनेला पाटावर बसवलं, कुंकू लावलं आणि म्हणाली, लग्नात तुझी ओटी भरायची राहून गेली होती. तिच्या पदरात तिने तांदूळ घातले, नारळ ठेवला आणि वर मूठभर वाल. पोरगी आधी समजली नाही. मग तिने एक दाणा उचलून बघितला आणि एकदम रडायला लागली, मोठ्याने, लहान मुलीसारखी. काकू दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. त्याही रडत होत्या आणि रडता रडता मला म्हणाल्या, "नेटवर्क आलं वाटते तुह्यं."

सगळ्यांना सगळं माहीत असतं. मलाच ते पडद्यावर आल्याशिवाय दिसत नाही.

वाल पोळ्याच्या आठ दिवस आधी सुनेच्याच हाताने लावून झाला. मी डेटाबेस मोडून पुन्हा बांधला. आता घरांचं टेबल वेगळं आहे, एका घराला एक ओळ. गाठोडी सोडून सगळं जागच्या जागी लावायला पंधरा दिवस गेले. त्या पंधरा दिवसांत मी बायकांचं सांगणं पहिल्यांदा वाचलं, तिची सासू, हिचं कुंपण, सगळं. पूर्वी मला ते ताळतंत्र नसलेलं वाटलं होतं.

ताई काही अकोल्याहून परतल्या नाहीत, म्हणून या संक्रांतीला गटाने नवी सचिव निवडली, काकूंची सून. बारावी झालेली, अक्षर ताईंपेक्षा चांगलं. डोळे आता चांगले वर असतात, कधी कधी जरा जास्तच. हळदीकुंकवाच्या दुसऱ्या दिवशी ती खोलीवर आली. हातात मोबाइल होता आणि काखेत नवीकोरी दोनशेपानी वही.

"वही कायले?" मी विचारलं. "मशीनमध्ये आहे ना सगळं."

"मशीनीतबी लिवते अन् वहीतबी लिवते, भाऊजी. भजेवाल्याले देऊ नका फक्त."

हे तिला कोणी सांगितलं, मी विचारलं नाही. तिने वही उघडून दाखवली. घरच्या वालाची पहिली नोंद होती. वेलीवर वाळवलेलं बी तिने पाच घरी दिलं होतं, पाचही ओळी पट्टीने आखलेल्या. पहिल्या ओळीत आमचं घर होतं.

"आमच्याकडे आहे की," मी म्हटलं. "तुला आमच्याकडूनच तर दिलं."

"असू द्या," ती म्हणाली. "तुमी पयल्याच्या पुढं वाचत नाही म्हने."